मुलांच्या कपाळी हा नवा शिक्का नको

आपल्या मुलाने किंवा मुलीने संगणक शिकावा अशी इच्छा नसलेले घर आज आपल्या वस्त्यांतून शोधूनही सापडणार नाही. बाप बांधकामावर जात असो, आई चार घरची धुणीभांडी करीत असो, पोटाला चिमटा घेऊन क्लासची फी भरली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या टप्प्यातच मुलांना कोडिंगची, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देण्याच्या विद्येची, ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. ही विद्या आता चैनीची राहिलेली नाही. परंतु ती शिकविण्याच्या निमित्ताने एक नवी भाषा आपल्या कानी पडू लागली आहे, आणि तिच्याविषयी आपणांस सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ती भाषा अशी : प्रत्येक मुलाची शिकण्याची रीत जन्मतःच निराळी असते. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हाताने. ज्याची जी रीत, त्याला त्याच रीतीने शिकवावे. ऐकावयास हे बोल गोड आहेत. ज्या समाजाच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्या समाजाला कोणी म्हणाले की, तुमचे मूल आम्ही स्वतंत्रपणे ओळखू, त्याच्या कलाने घेऊ, तर त्याचे मन भरून येणारच. म्हणूनच येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे.

या मताचा सर्वांत प्रसिद्ध आराखडा न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली सहकाऱ्यासमवेत मांडला. त्यात पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करून पाहणारे असे चार प्रकार आहेत. परंतु हा एकच आराखडा नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा आराखड्यांची मोजदाद केली तेव्हा त्यांची संख्या ७१ भरली! आपल्या धर्मशास्त्रकारांचे चार वर्णांवर भागले होते. येथे माणसे विभागण्याच्या एकाहत्तर तऱ्हा निघाल्या.

हे मत खरे की खोटे, हे ठरवावयाचे कसे? एका वर्गातील मुलांपैकी ‘डोळ्यांची’ कोणती आणि ‘हाताची’ कोणती हे आधी ठरवावे. मग दोन्ही गटांतील निम्म्या मुलांना एक धडा चित्रांनी शिकवावा व निम्म्यांना तोच धडा हाताने करवून शिकवावा. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. जर डोळ्यांच्या मुलांना चित्रांनी अधिक आले आणि हाताच्या मुलांना करून पाहण्याने अधिक आले, तरच हे मत सिद्ध झाले. दोन्ही गटांना करून पाहण्यानेच अधिक आले, तर त्यावरून त्या धड्याचा स्वभाव कळला, मुलांचा नव्हे. अमेरिकेतील हॅरोल्ड पॅश्लर, मार्क मॅक्डॅनियल, डग रोहरर व रॉबर्ट ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली उपलब्ध संशोधन याच कसोटीवर घासून पाहिले. या कसोटीला धरून केलेले प्रयोग फार थोडे आढळले, आणि जे आढळले त्यांतील अनेकांचा निष्कर्ष मताच्या विरुद्ध होता. शाळांनी या मतावर पैसा व वेळ खर्च करावा इतका पुरावा नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. आणि तरीही, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के व नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षक हे मत खरे मानीत असल्याचे दिसून आले. सुशिक्षितांतही श्रद्धा पुराव्याची वाट पाहत नाही, याचे हे उदाहरण आपण ध्यानी ठेवावे.

माणसाला आवड असते, हे कोण नाकारील? एखाद्या मुलीला चित्रे पाहणे आवडते, एखाद्या मुलाला खोलून-जोडून पाहणे आवडते. परंतु आवडते त्याच मार्गाने अधिक समजते असे नाही. गोड आवडते म्हणून गोडानेच अंगी बळ येते, असे कोणी वैद्य सांगत नाही.

आपल्या शहरांतून तर याहूनही खालच्या थराचा एक व्यापार चालतो. डी.एम.आय.टी. या भारदस्त नावाखाली मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी कोणत्या प्रकारची, त्याने कोणत्या रीतीने शिकावे, पुढे कोणता धंदा करावा, याचा रंगीत अहवाल आईबापांच्या हाती दिला जातो आणि त्याचे काही हजार रुपये घेतले जातात. याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. हस्तसामुद्रिकाला संगणकाची पगडी घातली, एवढाच त्यात फरक. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले, कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्या पदवीधर नातवाने आपल्या मुलाचे दहा ठसे पैसे देऊन दुसऱ्याच्या हवाली करावेत आणि त्यावर लिहून आलेले भविष्य निमूटपणे स्वीकारावे, हे आम्हांस अतिशय खेदाचे वाटते. ज्यांनी पंचांग सोडले त्यांनी हा अहवाल का घ्यावा?

आता कोणी म्हणेल, मत खोटे असेल; पण त्याने नुकसान काय? नुकसान आहे, आणि ते सर्वांचे सारखे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आईबाप, शिक्षक आणि मुले यांना, एक मूल पाहून शिकते व दुसरे हाताने करून शिकते, एवढेच सांगून त्यांच्या बुद्धीविषयी विचारले गेले. पाहून शिकणारे मूल अधिक बुद्धिमान, असेच लोकांना वाटले. शाळेतील मुख्य विषयांतही त्यालाच अधिक चांगली श्रेणी मिळेल, असा अंदाज बांधला गेला. एक शब्द बदलताच मुलाच्या बुद्धीची किंमत बदलली! हात आणि डोके यांत डोके श्रेष्ठ व हात कनिष्ठ, ही उतरंड जगात सर्वत्रच असावी. आपल्या देशात मात्र हात कोणाचे आणि डोके कोणाचे, हेही जन्माने ठरलेले होते. म्हणून ‘हा हाताने शिकणारा आहे’ हे वाक्य अमेरिकेतील गोऱ्या मुलाला ज्या ठिकाणी नेऊन सोडते, त्याच ठिकाणी ते आपल्या मुलाला नेऊन सोडील अशा भ्रमात राहू नका.

याचा पूर्वानुभव नाही असे नव्हे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी दिवसातून तीनच तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरी आईबापांचा धंदा शिकावा. चांभाराच्या मुलाने चामडे, कुंभाराच्या मुलाने माती. हातांनी शिकणे हे खरे शिक्षण, असे तिचे समर्थन होते. पेरियार रामस्वामी व द्रविड चळवळीने या योजनेला कुलधंद्याचे शिक्षण असे नाव देऊन रान उठविले. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी योजना रद्द केली. हाताच्या कामाविषयी त्या लोकांना तिरस्कार होता म्हणून ते लढले काय? मुळीच नाही. ते स्वतःच हाताने काम करणारे होते. कोणाच्या मुलाने हाताचे शिकावे हे दुसऱ्याने ठरवावे, याला त्यांचा विरोध होता.

याच्या शेजारी बाबासाहेबांची मागणी ठेवून पाहा. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी सरकारला जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांस शास्त्र व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि परदेशी पाठविण्याचा आग्रह धरला. तंत्रविद्या त्यांना हवी होती, पण ती तिच्या शिखरापर्यंत. आज संगणकाच्या बाबतीत हेच घडू शकते. दोन मुले एकाच क्लासात जातात. एकाला आज्ञावली लिहिणे शिकविले जाते; दुसऱ्याला, तो ‘हाताचा’ म्हणून, टंकलेखन आणि फॉर्म भरणे. दोघांच्याही प्रमाणपत्रावर संगणक हाच शब्द असतो.

मग सर्व मुले सारखीच काय? नाहीत. त्यांच्यात भेद आहेत, आणि शिक्षकाने ते ओळखलेच पाहिजेत. परंतु ते भेद निराळे आहेत. पहिला भेद पूर्वज्ञानाचा. ज्या मुलाला कोन म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला पडद्यावर चौकोन काढता येणार नाही. त्याची रीत कोणतीही असो. दुसरा भाषेचा. संगणकाच्या आज्ञांत ‘इफ’, ‘एल्स’, ‘रिपीट’ असे इंग्रजी शब्द येतात. इंग्रजी माध्यमातील मुलाला शब्दातूनच अर्थाची सूचना मिळते. आपल्या मुलाला तो शब्द म्हणजे केवळ एक खूण. ‘पाऊस असेल तर छत्री घे, नाहीतर टोपी घाल’ हे मराठीत आधी सांगितले तर तेच मूल पाच मिनिटांत मर्म पकडते.

तिसरा भेद सरावाचा, आणि हा सर्वांत लपून राहणारा आहे. एका संगणकासमोर तीन मुले बसतात. माउस कोणाच्या हाती जातो? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे आणि ज्याला धिटाईने बोलण्याची सवय आहे, त्याच्या. दुसरा शेजारी बसून सूचना करतो. तिसरी मुलगी मागून पाहत राहते. सहा महिन्यांनी शिक्षक तिच्याविषयी म्हणतात, ‘ही पाहून शिकणारी आहे.’ तिला हात लावावयास मिळाला नाही, ही वस्तुस्थिती तिच्या स्वभावाचा गुण होऊन बसली! घरीही तेच. चार माणसांत एक मोबाइल. तो आधी बापाकडे, मग भावाकडे, आणि भांडी घासून झाल्यावर बॅटरी उरली तर बहिणीकडे. भगिनींनो, या बाबतीत दोष शाळेवर ढकलून चालणार नाही. हा न्याय आपल्याच घरी करावयाचा आहे. वर्गात मात्र उपाय सोपा आहे. दर दहा मिनिटांनी घंटा वाजवावी आणि जागा बदलाव्यात. एकाने कळफलक सांभाळावा, दुसऱ्याने काय करावयाचे ते सांगावे, तिसऱ्याने चूक शोधावी. आज्ञावली लिहून पोट भरणारी मोठी माणसेही दोघे मिळून एका यंत्रावर असे आळीपाळीने काम करतात.

आता शिकवावे कसे? याविषयी एक जुना पण चांगला दाखला आहे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉइरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि तरुणपणी तेथील वर्णभेदाविरुद्ध झगडलेले गृहस्थ. लोगोला पुढे एका यांत्रिक कासवाची जोड मिळाली. ‘पुढे ५०, उजवीकडे ९०’ अशी आज्ञा दिली की कासव तेवढे चालते व तेवढे वळते. हेच चार वेळा सांगितले की चौकोन पुरा होतो. पॅपर्ट यांची खरी युक्ती अशी की, अडलेल्या मुलाला ते स्वतःच कासव व्हावयास सांगत. मूल जमिनीवर चालते, वळते, आणि काय केले ते शब्दांत सांगते. मग तेच कागदावर काढते, मग आज्ञा लिहिते, मग यंत्राला देते. आज्ञा चुकली तर कासव वेडेवाकडे जाते. मुलाला छडी मिळत नाही, चूक कोठे आहे ते शोधण्याचे काम मिळते.

यात पाय आले, तोंड आले, डोळे आले, लेखणी आली, आणि हे सर्व एकाच मुलाला मिळाले. चार प्रकारच्या मुलांना चार वाटा, असे येथे नाही. प्रत्येक मुलाला चारही वाटा. कळफलकावर मराठी टंकन बोटांनीच येते, व्याख्यान ऐकून नव्हे. एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो हे आकृतीवाचून समजणे कठीण. अटीचा अर्थ मात्र नेमक्या शब्दांतच मांडावा लागतो. रीत विषयाप्रमाणे ठरते, मुलाच्या जातकुळीप्रमाणे नव्हे.

ती मुलाच्या प्रगतीप्रमाणेही बदलते. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, नवशिक्याला आधी पूर्ण सोडविलेले उदाहरण समजावून द्यावे, मग एखादी ओळ गाळलेले द्यावे, आणि मग त्याला एकट्याला सोडावे. पुढे गेलेल्या मुलाला मात्र तेच सोडविलेले उदाहरण अडथळा होते. आज ज्याला हात धरून न्यावे लागते, त्याचा हात दोन महिन्यांनी सोडावा लागतो. कपाळीचा शिक्का हे करू देत नाही, कारण शिक्का दोन महिन्यांनी पुसला जात नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपंथकाची कथा आपण विहारात ऐकली असेल. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू. त्याने त्याला संघातून निघून जावयास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्रखंड दिले आणि तो हाताने चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि त्यातून त्याला अनित्यतेचा बोध झाला. या कथेवरून ‘बघा, तोही हाताने शिकणारा होता’ असे कोणी म्हणेल. आम्ही त्यांस विचारतो, तथागतांनी त्याच्यासाठी ध्येय बदलले काय? हा हाताचा आहे, याला विहार झाडण्याचे काम द्या, असे म्हटले काय? जे अर्हत्पद विद्वान भावासाठी होते तेच चूळपंथकाला मिळाले. वाट अडली तेथे वाट बदलली. पोहोचण्याचे ठिकाण तेच राहिले.

एक भेद मात्र असा आहे की जेथे मुलाच्या स्थितीप्रमाणे साधन बदलणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. मूल अंध असेल, बहिरे असेल, किंवा अक्षरे उलटसुलट होऊन त्याला वाचनच जड जात असेल, तर ती आवड नव्हे व रीतही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखणे हे शाळांचे काम ठरविले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या सवलतींचा कायद्यात उल्लेख आहे. अंध मुलासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ‘एन.व्ही.डी.ए.’ हा प्रोग्रॅम तर फुकट मिळतो. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने त्याचा आरंभ केला आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध सहकाऱ्याने तो वाढविला. अंधांनी अंधांसाठी आज्ञावली लिहिली, हे ज्याला ठाऊक आहे तो अंध मुलाला ‘तू कानाने शिकणारा, तुला गाणे शिकवू’ असे सांगणार नाही. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर त्याचे नाव शाळेच्या दप्तरात ‘मठ्ठ’ म्हणून पडू देऊ नका. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

क्लासची फी भरण्यापूर्वी चालकांस काही गोष्टी विचारा. एका यंत्रावर किती मुले बसतात? माझ्या मुलीच्या हाती कळफलक आठवड्यातून किती वेळ असतो? तीन महिन्यांनी ती स्वतः लिहिलेली आज्ञावली मला दाखवील काय, आणि त्यातील एखादी ओळ बदलली तर काय होईल हे सांगेल काय? मुलांची वाटणी केली जात असेल तर कशावरून, आणि एका गटातून दुसऱ्यात जाता येते काय? ठशांचा किंवा प्रकारांचा अहवाल दाखविला तर नम्रपणे परत करा.

आणि जेथे क्लासही नाही, वीजही धड नाही, तेथे? न्यूझीलंडचे टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावाचून संगणकशास्त्र शिकविण्याचे अनेक खेळ रचले आहेत. त्यांतील एक आपल्या विहारात रविवारी वंदनेनंतर सहज करता येईल. पुठ्ठ्याचे पाच तुकडे घ्या. त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढा. पाच मुलांना ओळीत उभे करून एकेक तुकडा द्या. तुकडा समोर धरला तर एक, पाठ केली तर शून्य. आता १४ करून दाखवा म्हणावे. ही संख्या आपल्या घरोघरी परिचयाची आहे. आठ, चार आणि दोनवाली मुले ठिपके दाखवतील, उरलेली दोन पाठ करतील, आणि शून्य-एक-एक-एक-शून्य असा आकडा उभा राहील. संगणकाच्या पोटात संख्या अशाच राहतात. शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या या पाच तुकड्यांतून निघते. सहावा तुकडा आणावयाचा तर त्यावर किती ठिपके हवेत, हे मुलांनाच शोधू द्या.

पुढच्या रविवारी अंगणात खडूने चौकोन काढून मुलांना कासवासारखे चालवा. चौकोन सर्वांना जमेल. मग तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण सांगा. बहुतेक मुले ६० अंशांत वळतील, कारण त्रिकोणाचा आतला कोन ६० चा हे त्यांनी पुस्तकात वाचलेले असते. आपण लगेच सांगू नये. तीन बाजू चालून झाल्या तरी आकृती मिटलेली नाही, हे त्यांना खडूच्या रेघेवरूनच दिसेल. मग त्यांतील एखादी मुलगी कोपऱ्यावर उभी राहून स्वतःभोवती वळून पाहील आणि म्हणेल की, आपल्याला आत नव्हे, बाहेरून वळावयाचे आहे, आणि ते वळण १२० चे आहे.